भाड्याच्या गाडीतला साक्षी

मुंबईहून मध्य रेल्वेने कर्जतकडे जाऊ लागले, की कल्याण सोडल्यावर लागणारे पहिले स्थानक म्हणजे विठ्ठलवाडी. स्थानक लहान आहे. दूरच्या गावांना जाणाऱ्या जलद गाड्या येथे थांबत नाहीत. त्याच्या एका अंगास कल्याण पूर्वेची दाट वस्ती, तर दुसऱ्या अंगास उल्हासनगर. जवळच राज्य परिवहन महामंडळाचे आगार आहे. संध्याकाळी लोकल गाडी येऊन थांबली, की दिवसभर काम करून थकलेल्या माणसांचा लोंढा जिन्यावरून खाली उतरतो आणि रिक्षांच्या रांगेकडे वळतो. कोणी कारखान्यातील कामगार, कोणी परिचारिका, कोणी भाजीची पिशवी सांभाळणारी गृहिणी, तर कोणी पाठीवर दप्तर घेतलेला विद्यार्थी. तिघे जण एका रिक्षात बसतात, चालक गाडी सुरू करतो आणि पाहता पाहता ती गल्लीत दिसेनाशी होते.

हे दृश्य इतके रोजचे आहे, की त्यात विचार करण्याजोगे काही आहे असे कोणास वाटत नाही. परंतु क्षणभर थांबून पाहा. त्या रिक्षात बसलेले तिघे एकमेकांना ओळखत नाहीत. चालक त्यांना ओळखत नाही आणि तेही चालकाला ओळखत नाहीत. तरीही एखादी मुलगी रात्रीच्या वेळी अनोळखी माणसाच्या गाडीत निर्धास्तपणे बसते. आणि तो चालकही, मागे बसलेला माणूस भला की बुरा हे ठाऊक नसताना, त्याच्याकडे पाठ करून गाडी हाकतो. हा परस्परांवरचा विश्वास आला कोठून?

तो केवळ माणसांच्या चांगुलपणातून आलेला नाही. चांगुलपणा तर हवाच. पण त्याच्या जोडीला गेल्या कित्येक वर्षांत समाजाने भाड्याच्या गाडीत एकामागून एक साक्षीदार आणून बसविले आहेत. हे साक्षीदार बोलत नाहीत, भाडे देत नाहीत आणि जागाही अडवीत नाहीत. त्यांची ओळख आपण या पाठात करून घेऊ. आणि त्यांतील जो सर्वांत नवा आहे, त्याला गाडीत घ्यावे की नाही, घ्यावे तर कोणत्या अटींवर, याचाही विचार करू.

पहिला साक्षीदार म्हणजे गाडीचा क्रमांक. मोटारी येण्यापूर्वी मुंबईत भाड्याने घोडागाड्या चालत. त्यांतील व्हिक्टोरिया नावाची गाडी पुढे विशेष प्रसिद्ध झाली. गाडीवान वाटेल ते भाडे मागू लागला किंवा उतारूचे सामान घेऊन निघून गेला, तर त्याला शोधायचे कसे, हा प्रश्न तेव्हाही होताच. म्हणून १८६३ साली मुंबईतील सार्वजनिक वाहनांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. पुढे १९२० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. लंडन शहराने तर त्याच्याही दोनशे वर्षे आधी, १६५४ मध्ये, भाड्याच्या घोडागाड्यांना नियम लावले होते. काळ बदलला. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बंद करण्याचा आदेश दिला. पण गाडीवर क्रमांक असावा आणि त्यावरून तिच्या मालकाचा शोध लागावा, हे तत्त्व टिकून राहिले. आज कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या भागात नोंदलेल्या गाडीवर एम एच ०५ ही अक्षरे व अंक दिसतात; ठाण्याच्या गाडीवर एम एच ०४ असते. ‘ही गाडी कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर हा साक्षीदार देतो.

दुसरा साक्षीदार म्हणजे मीटर. ब्रून नावाच्या जर्मन संशोधकाने १८९१ मध्ये अंतर आणि वेळ मोजून भाडे दाखविणारे यंत्र तयार केले. त्या यंत्राच्या ‘टॅक्सीमीटर’ या नावावरूनच ‘टॅक्सी’ हा शब्द रूढ झाला. म्हणजे गाडीला यंत्राचे नाव मिळाले, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. मीटरमुळे उतारू आणि चालक यांच्यातील घासाघीस संपली. अर्थात मीटर खरा बोलतो की खोटा, हेही तपासावे लागते. म्हणून दर बदलले, की मीटर पुन्हा जुळवून तो तपासून घ्यावा लागतो. मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून नवे दर लागू झाले, तेव्हा पहिल्या दीड किलोमीटरसाठी रिक्षाचे किमान भाडे २३ रुपयांवरून २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे २८ रुपयांवरून ३१ रुपये झाले. ‘भाडे किती?’ या प्रश्नाचे उत्तर हा दुसरा साक्षीदार देतो.

तिसरा साक्षीदार चालकाच्या अंगावर असतो. भाड्याचे वाहन चालविणाऱ्यास साधा परवाना पुरत नाही. त्याला सार्वजनिक वाहन चालविण्याची स्वतंत्र अनुमती आणि बिल्ला मिळवावा लागतो. त्याच्या पूर्वचरित्राची चौकशी होते. बिल्ला आणि खाकी गणवेश पाहून ‘हा माणूस गाडी चालविण्यास लायक आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर मिळते. चौथा साक्षीदार अगदी अलीकडचा आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहनांच्या नियमांत भर घातली आणि त्यानुसार १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक वाहनांत स्थान दाखविणारे यंत्र व संकटाच्या वेळी दाबण्याची कळ असावी, असे ठरले. ‘गाडी या क्षणी कोठे आहे?’ हे तो सांगतो. मात्र या नियमातून तीनचाकी वाहने व ई-रिक्षा वगळण्यात आल्या. म्हणजे विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणी, जेथे सामान्य माणसाची सारी भिस्त रिक्षावरच असते, तेथे हा चौथा साक्षीदार सहसा आढळत नाही.

गाडी कोणाची, भाडे किती, चालक कोण, गाडी कोठे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली. तरी एक प्रश्न उरतोच : ‘गाडीत घडले काय?’ उतारू म्हणतो, चालकाने मला शिवीगाळ केली. चालक म्हणतो, उतारूनेच भाडे बुडविले आणि वर माझी कॉलर धरली. तिसरे कोणी तेथे नव्हते. खरे कोणाचे मानावे? या ठिकाणी पाचवा साक्षीदार पुढे येतो. तो म्हणजे गाडीत बसविलेला कॅमेरा.

कॅमेऱ्याची मागणी उगाच झालेली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत रात्री एका बसमध्ये एका तरुणीवर घोर अत्याचार झाला आणि तिला प्राण गमवावे लागले. त्या घटनेने सारा देश हळहळला. कायदे कडक झाले. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये निर्भया निधी उभारला. मुंबईच्या लोकल गाड्यांतील महिलांच्या डब्यांतही पुढे कॅमेरे बसू लागले. विठ्ठलवाडीपासून थोड्याच स्थानकांवर असलेल्या बदलापूर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा संतप्त पालकांनी रेल्वे रोखून धरली. त्यानंतर राज्य शासनाने शाळांना कॅमेरे बसविण्याची सक्ती केली. ज्या आईची मुलगी रोज रिक्षाने शाळेत जाते, तिच्या मनात मग साहजिकच येते, की शाळेत कॅमेरा हवा तर शाळेच्या वाटेवर तो का नको? संध्याकाळी मुलगी दारात दिसेपर्यंत ज्या माउलीच्या जिवात जीव येत नाही, तिचा हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही.

चालकाच्या बाजूनेही कॅमेऱ्याला पाठिंबा मिळू शकतो. रात्रीच्या वेळी चालकांना मारहाण होते, पैसे लुटले जातात. कधी खोटी तक्रारही होते. प्रामाणिक चालकाला कॅमेऱ्याइतका चांगला मित्र कोण मिळणार?

येथवरचा विचार ऐकून कोणीही म्हणेल, की मग प्रश्न सुटला. प्रत्येक गाडीत कॅमेरा बसवावा आणि मोकळे व्हावे. परंतु पहिल्या चार साक्षीदारांत आणि या पाचव्यात एक मोठा भेद आहे. क्रमांक, मीटर, बिल्ला आणि स्थान दाखविणारे यंत्र ही गाडीची किंवा चालकाच्या धंद्याची माहिती ठेवतात. कॅमेरा मात्र माणसाचीच माहिती ठेवतो. त्याचा चेहरा, त्याचे अश्रू, त्याच्याबरोबर कोण होते, तो कोणत्या दवाखान्याशी उतरला, हे सारे तो टिपतो. त्याला कान जोडले, तर माणूस काय बोलला तेही तो साठवून ठेवतो. विठ्ठलवाडीला रिक्षात बसलेली एखादी बहीण फोनवर आपल्या आजारी वडिलांविषयी बोलत असते. एखादा मुलगा परीक्षेत नापास झाल्याचे मित्राला हळूच सांगत असतो. हे बोलणे कोणी साठवून ठेवावे काय?

हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तेथे टॅक्सींना परवाने देण्याचे काम स्थानिक नगरसंस्थेकडे असते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउथॅम्प्टन नावाचे बंदराचे शहर आहे. तेथील नगरसंस्थेने २००९ मध्ये असा नियम केला, की ज्याला टॅक्सीचा परवाना हवा असेल, त्याने गाडीत कॅमेरा बसविलाच पाहिजे आणि त्या कॅमेऱ्याने चित्र व आवाज दोन्ही सतत नोंदविले पाहिजेत. नगरसंस्थेचा हेतू चांगला होता. उतारूंचे रक्षण व्हावे आणि चालकांवरील हल्ले थांबावेत, एवढीच तिची इच्छा होती. नोंदी कोणालाही सहज पाहता येऊ नयेत, याचीही तिने काळजी घेतली होती.

तरीसुद्धा लोकांच्या खाजगी माहितीचे रक्षण करणाऱ्या तेथील आयुक्ताने या नियमास हरकत घेतली. त्याची हरकत नीट समजून घ्या. चित्र घेण्यास त्याने विरोध केला नाही. त्याचे म्हणणे एवढेच होते, की गाडीतील प्रत्येक उतारूचा प्रत्येक शब्द सतत टिपणे हे प्रयोजनाच्या मानाने फार अधिक आहे. हजारो फेऱ्यांतून एखादीत काही गैर घडते; त्या एकीसाठी इतर साऱ्या निरपराध माणसांचे संभाषण साठविणे योग्य नव्हे. शिवाय काही चालक तीच गाडी घरच्या कामालाही वापरीत. तेव्हा त्यांच्या बायकामुलांचे बोलणेही नोंदले जाई. २०१२ मध्ये आयुक्ताने सततची आवाजनोंद थांबविण्याचा हुकूम दिला. नगरसंस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली. पण २०१३ मध्ये न्यायाधिकरणाने ती फेटाळून लावली. चित्र राहिले, सततचा आवाज गेला. पुढे २०२० मध्ये इंग्लंडच्या शासनाने नगरसंस्थांसाठी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. स्थानिक परिस्थिती पाहून, लोकांचे मत घेऊन मगच कॅमेऱ्याचा निर्णय करावा, आणि गाडीत कॅमेरा आहे हे उतारूस दिसेल अशा रीतीने लिहावे, असे त्यांत सांगितले आहे.

या कथेतून घेण्यासारखा धडा हा, की हेतू चांगला असला म्हणजे साधनही आपोआप योग्य ठरत नाही. साधन हेतूच्या प्रमाणात असावे लागते. उंदीर मारण्यासाठी कोणी घर जाळीत नाही.

आपल्या देशातही हेच तत्त्व मान्य झाले आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी दाखल केलेल्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की खाजगी जीवन जपण्याचा अधिकार हा राज्यघटनेने दिलेल्या मूलभूत अधिकारांपैकी आहे. शासनाला या अधिकारावर मर्यादा घालता येईल. पण त्यासाठी कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. पुढे २०२३ मध्ये संसदेने व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत केला. ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामासाठी ती वापरावी, हे त्याचे एक प्रमुख सूत्र आहे. त्या कायद्यात मुलांच्या माहितीची विशेष काळजी घेतलेली आहे.

आता आपल्याकडे हा नियम करावयाचा झाला, तर तो कोणी करावा? कित्येकांना वाटते, की रस्ता महापालिकेचा, तेव्हा रिक्षाही महापालिकेची. तसे नाही. यंत्रावर चालणारी वाहने हा विषय राज्यघटनेने समवर्ती सूचीत ठेवला आहे. म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात. केंद्राचा मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याआधी १९१४ आणि १९३९ चे कायदे होते. परवाने देणे व दर ठरविणे ही कामे राज्याच्या परिवहन प्राधिकरणांकडे आहेत, आणि नोंदणीचे काम प्रादेशिक परिवहन कार्यालय करते. फोनवरून गाडी बोलावून देणाऱ्या कंपन्यांनाही २०१९ मधील दुरुस्तीने परवान्याच्या कक्षेत आणले आहे.

मग महापालिकेच्या हाती काय उरते? उरते ते लहान नाही. गाड्या कोठे उभ्या राहाव्यात आणि थांबे कोठे असावेत, हे ठरविताना स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करावा, असे १९८८ च्या कायद्याच्या ११७ व्या कलमात सांगितले आहे. राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात पथदिवे, वाहनतळ आणि बसथांबे हे विषय नगरसंस्थांकडे सोपविण्याजोगे म्हणून नोंदविलेले आहेत. थांबा नीट आखलेला असेल, त्यावर भरपूर उजेड असेल आणि तेथे दराचा फलक वाचता येईल असा लावलेला असेल, तर निम्मे तंटे उगम पावण्याआधीच मिटतात. अंधाऱ्या कोपऱ्यातील कॅमेऱ्यापेक्षा उजेडातला थांबा अनेकदा अधिक उपयोगी पडतो.

विठ्ठलवाडीचे भूगोल पाहिले, तर टॅक्सी-रिक्षांचा नियम एकट्या महापालिकेने का करू नये, हेही ध्यानात येते. येथे कल्याण-डोंबिवली महापालिका आणि उल्हासनगर महापालिका या दोहोंची हद्द जवळजवळ आहे. रिक्षा काही मिनिटांत एका शहरातून दुसऱ्या शहरात जाते. एकीने कॅमेरा सक्तीचा केला आणि दुसरीने तो मना केला, तर बिचाऱ्या चालकाने हद्दीवर थांबून कॅमेरा काढावा काय? इंग्लंडमध्ये ही अडचण खरोखरच आली. एका गावचा परवाना घेऊन चालक दुसऱ्या गावी धंदा करू लागले, आणि प्रत्येक गावचे नियम वेगळे असल्याने तपासणी करणे कठीण झाले. म्हणून मोठ्या प्रदेशाला एक नियम असणे श्रेयस्कर. पण तो करताना विठ्ठलवाडीसारख्या लहान ठिकाणची गरज ऐकून घेणेही तितकेच आवश्यक आहे.

समजा, उद्या असा नियम करण्यासाठी सभा भरली आणि तुम्हांस तेथे बोलाविले, तर तुम्ही काय सांगाल? निदान पाच गोष्टी सांगता येतील.

पहिली, कॅमेरा आहे हे उतारूला गाडीत बसण्यापूर्वी कळले पाहिजे. चोरून टिपणारा साक्षीदार नव्हे, तो हेर होय. दुसरी, आवाज सतत नोंदवू नये. संकटाची कळ दाबल्यावरच तो सुरू व्हावा. तिसरी, नोंद ठरावीक दिवसांनी आपोआप पुसली जावी; तक्रार आलेली नोंद मात्र जपून ठेवावी. चौथी, नोंद पाहण्याचा अधिकार चालकाला, मालकाला किंवा शेजाऱ्याला नसावा. तपास करणाऱ्या अधिकाऱ्यानेच ती कारण लिहून पाहावी. कोणाची फजिती झालेली चित्रे फोनवरून गावभर फिरविणे हा करमणुकीचा नव्हे, गुन्ह्याचा मार्ग आहे. पाचवी, खर्चाचा भार कोणावर पडतो, हे पाहावे. ज्या चालकाला कर्जाचा हप्ता, विमा आणि इंधन यांतून घरखर्च भागवावा लागतो, त्याला पदरमोड करून कॅमेरा घे म्हणणे सोपे आहे. पण असा नियम कागदावरच राहण्याची भीती असते. बंद पडलेला कॅमेरा तर नसलेल्या कॅमेऱ्याहून वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस बेसावध राहतो.

आणखी एक विचार राहिला. उतारूसाठी रिक्षा म्हणजे पंधरा मिनिटांचा प्रवास. चालकासाठी ती दहा-बारा तासांची कामाची जागा आहे. पंधरा मिनिटे कोणी आपल्याकडे पाहत राहिले तर आपण अवघडतो. मग दिवसभर ज्याच्यावर डोळा रोखलेला आहे, त्याला काय वाटत असेल? म्हणून कॅमेरा बसविण्यापूर्वी चालकांच्या संघटनांशीही बोलले पाहिजे. रात्री-अपरात्री रुग्णाला दवाखान्यात पोहोचविणारे आणि विसरलेली पिशवी शोधून परत आणून देणारे चालकही याच रांगेत उभे असतात. थोड्यांच्या अपराधासाठी साऱ्यांकडे संशयाने पाहणे न्यायाचे होणार नाही. आणि थोड्यांचाच अपराध आहे म्हणून त्याकडे कानाडोळा करणेही न्यायाचे होणार नाही. या दोन टोकांच्या मधली वाट शोधणे हेच नियम करणाऱ्याचे खरे काम आहे.

हे नियम होतील तेव्हा होतील; तोपर्यंत तुम्ही स्वतः काय करू शकता? रिक्षात बसण्यापूर्वी तिचा क्रमांक वाचण्याची सवय लावून घ्या. मीटर सुरू झाले की नाही ते पाहा. वाटून घेतलेल्या रिक्षात भाडे किती ते आधी विचारा. गाडीत तिघांहून अधिक उतारू कोंबले जात असतील, तर पुढच्या रिक्षाची वाट पाहा. मन कचरले तर न लाजता उतरून उजेडाच्या व माणसांच्या ठिकाणी थांबा. संकटात ११२ या क्रमांकावर पोलिसांचे साहाय्य मिळते, आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक देशभर आहे. काही वावगे घडले, तर ते घरी किंवा गुरुजनांस सांगा. त्यात तुमची काहीच चूक नसते. आणि चालकाशी बोलताना ‘काका’, ‘दादा’ म्हणा. सुटे पैसे जवळ ठेवा. उतरताना मागे काही राहिले नाही ना, ते पाहा.

गाडीचा क्रमांक लिहिता येतो, मीटर तपासता येतो, कॅमेरा बसविता येतो. ही सारी साधने घडलेली गोष्ट सांगतात. ती घडू न देणारी माणसे मात्र त्याच रिक्षात बसलेली असतात. शेजारी बसलेल्या मुलीला कोणी त्रास देत असता ‘हे काय चालले आहे?’ असे ठामपणे विचारणारा सहप्रवासी हा कोणत्याही यंत्राहून अधिक वेळेवर धावून येणारा साक्षी आहे. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

अभ्यास

(अ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. भाड्याच्या गाडीतील पाच साक्षीदार कोणते? प्रत्येक साक्षीदार कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो?
२. ‘टॅक्सी’ हा शब्द कसा रूढ झाला?
३. साउथॅम्प्टनच्या नगरसंस्थेच्या नियमातील कोणता भाग राहिला व कोणता गेला? का?
४. विठ्ठलवाडीच्या उदाहरणावरून मोठ्या प्रदेशाला एकच नियम असणे का बरे, ते सांगा.
५. रिक्षा व टॅक्सी यांच्या बाबतीत महापालिकेच्या हाती कोणती कामे आहेत?

(आ) सविस्तर उत्तर लिहा.
१. पहिले चार साक्षीदार आणि कॅमेरा यांत लेखकाने कोणता भेद सांगितला आहे? तो तुम्हांस पटतो काय?
२. ‘हेतू चांगला असला म्हणजे साधनही आपोआप योग्य ठरत नाही.’ हे विधान पाठाबाहेरील एक उदाहरण घेऊन स्पष्ट करा.
३. लेखकाने सुचविलेल्या पाच गोष्टींत तुम्ही सहावी कोणती जोडाल? का?

(इ) भाषाभ्यास
१. पुढील शब्दांची संधी सोडवा : प्रत्येक, सर्वोच्च, न्यायाधीश.
२. पुढील वाक्प्रचार तुमच्या वाक्यांत योजा : जिवात जीव येणे, कानाडोळा करणे, पदरमोड करणे.
३. ‘साक्षीदार’ आणि ‘हेर’ या शब्दांच्या अर्थांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.
४. विरुद्ध अर्थाचे शब्द लिहा : विश्वास, प्रामाणिक, निरपराध, बेसावध.

(ई) उपक्रम
१. तुमच्या घराजवळील रिक्षाथांबा पाहा. तेथे उजेड आहे काय, दराचा फलक वाचता येतो काय, रांगेची सोय आहे काय, हे टिपून महापालिकेच्या आयुक्तांना एक पत्र लिहा.
२. वर्गात दोन गट करा. एका गटाने उतारूंची व दुसऱ्याने चालकांची बाजू घेऊन ‘रिक्षात कॅमेरा असावा काय?’ या विषयावर चर्चा करा. नंतर दोन्ही गटांनी बाजू बदलून पुन्हा बोला.